महोत्सव हवा, पण पेठेतच

मालवणच्या मरगळलेल्या जुन्या पेठेसाठी मे महिन्यात किनाऱ्यावर कला महोत्सव भरवावा, ही सूचना आली आहे. महोत्सवाची कल्पना पटली. फक्त मंडप किनाऱ्यावर नको. २०१२ पासून केरळात कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरतं ते फोर्ट कोची-मट्टनचेरीतल्या जुन्या वखारी-गोदामांत. पाहुणा गल्लीबोळांतून फिरला की चहावाल्याचाही गल्ला भरतो. आपल्या जत्रेत दुसरं काय होतं? रात्रभर दशावतार आणि बाजूला खाजेवाल्यांची ओळ! स्टॉल मात्र बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात घालू नका. आधी पेठेतले दुकानदार, मग बचत गट. आणि मे महिना कशाला, तेव्हा गर्दी असतेच. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, धंदा बसलेला. नारळी पौर्णिमेला बंदरावर गाव लोटतोच, त्याला जोडूनच दोन दिवस धरा.