आजोबांनी घातलेला मातीचा बांध पाझरतोय, दाखवायचा कुणाला?

बांधवाला:
जमिनीत खाजगी मातीचा बांध आहे, उंची जेमतेम आठ मीटर. मागच्या उताराच्या पायथ्याशी एक जागा भर उन्हाळ्यातही ओली राहते, तिथं लव्हाळं माजलंय. कचेरीत विचारलं, तर "खाजगी आहे, आमच्या यादीत नाही". मग बघायचं कुणी?

निवृत्त अभियंता:
यादीत नसणारच. भारताचा २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधली काही अटींवर येतात. इंग्लंडात उंचीऐवजी साठा बघतात, २५,००० घनमीटर. त्याखालचं सगळं मालकाच्या गळ्यात.

ओल दिसली म्हणून घाबरू नका, मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर काचेच्या ग्लासात धरा आणि तासभर हलवू नका. तळाशी माती बसली, तर पाणी भराव आतून पोखरतंय. मग वेळ फार नसतो. अमेरिकेतलं नवंकोरं टेटन धरण, १९७६: सकाळी गढूळ पाझर दिसला, दुपारी बारा वाजायच्या आत फुटलं.

खेकडे-घुशींची बिळंही बघा. हसतात लोक, हसू द्या.

बांधवाला:
बिळं नाहीत. माथ्यावर दोन मोठी झाडं आहेत, तोडू का? आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावलीय.

निवृत्त अभियंता:
जाळी आजच काढा! पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण मातीचंच, एका खाजगी क्लबचं. सांडव्याला माशांसाठी जाळ्या, तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानं काढून विकलेले, वर गाडीरस्त्यासाठी माथा उतरवलेला. १८८९च्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं. २,२०९ माणसं मेली.

झाडं घाईनं तोडू नका. मुळं आत कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. आधी जाणकार आणून दाखवा.

खालच्या अंगाचा:
आम्ही असल्याच एका बांधाच्या खाली राहतो. मालक कुलूप लावून बाहेरगावी असतो. केनियात सोलाईला २०१८ साली खाजगी शेतावरचा बांध रात्री फुटला, तेव्हापासून पावसाळ्यात माझी झोप उडते. बांधवाले, खालच्या घरांचे फोन नंबर आहेत का तुमच्याकडे?

बांधवाला:
नव्हते. पाच मिळाले, दोन घरं राहिलीत. जाळी काढली, मागे तीन टोपल्या पाला निघाला. ग्लास खिडकीत ठेवलाय.