हार्डकोर पंक: दीड मिनिटाच्या गाण्यात एवढं काय असतं? आणि आपल्याकडे कोण वाजवतं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या घरात नाट्यसंगीत आणि भावगीतं, कानाला त्याचीच सवय. दोन महिन्यांपूर्वी हॉस्टेलवर रूममेटने मायनर थ्रेट हा हार्डकोर पंक (म्हणजे पंक रॉकचा जास्त वेगवान, जास्त कडक प्रकार) वाजवणारा अमेरिकन बँड लावला, मला वाटलं स्पीकर बिघडलाय, आणि तरी त्या रात्री मी सगळीच्या सगळी २६ गाणी दोनदा ऐकली. अख्ख्या बँडचं काम एका सीडीत मावतं, त्यातलं 'स्ट्रेट एज' हे गाणं तर ४६ सेकंदांत संपतं. आवडतंय एवढं नक्की, पण का आवडतंय ते आईला सांगता येईना. ती म्हणते नुसता आरडाओरडा आहे. बरीच वर्षं ऐकणाऱ्यांनी सांगा ना, तुम्हाला यात काय सापडलं? आणि मुंबई-पुण्यात असे बँड आहेत का?

पोटोमॅकपार:
अगं तू तर माझ्या दुखऱ्या... नाही, दुखऱ्या नाही, लाडक्या जागेवर बोट ठेवलंस. मी १९९८ ला वायटूकेच्या (२००० साली कॉम्प्युटरच्या तारखा बिघडतील म्हणून निघालेल्या कामांच्या) लाटेत व्हर्जिनियाला आलो, वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये चार जण एका अपार्टमेंटमध्ये, गाडी नाही, ओळख नाही. आणि पुढे कधीतरी कळलं की मायनर थ्रेटच्या रेकॉर्ड काढणाऱ्या डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स कंपनीचं घर याच आर्लिंग्टनमध्ये आहे, म्हणजे मी ज्या गावात कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलो होतो तिथंच हे सगळं झालेलं.

१९८० मध्ये टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड मोडत होता. गिग करून साठलेले सहाएकशे डॉलर होते, ते वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? त्यांनी रेकॉर्ड काढली. बँड संपल्यावर. त्यासाठीच त्या बँडमधल्या इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड सुरू केलं आणि हेच दोघं मग मायनर थ्रेटमध्ये. कव्हर छापून-चिकटवून घ्यायला पैसे नव्हते म्हणून दुसऱ्या एका रेकॉर्डचं कव्हर उकलून सपाट केलं, त्यावरून आकार काढला, छापलेले कागद कात्रीने कापायचे, घडी घालायची, डिंक लावायचा, असं मित्रमंडळी बसून एकेक कव्हर करायचे. आपल्याकडे दिवाळीच्या आधी सगळी भावंडं बसून आकाशकंदील करतात ना, मला कायम तेच डोळ्यांसमोर येतं. त्या कव्हरवर दोन हात आहेत, मनगटं एकमेकांवर, हातांवर काळ्या मार्करने मोठा एक्स. ती पोरं कॅलिफोर्नियाला वाजवायला गेली तेव्हा वय कमी म्हणून क्लबवाल्यांनी हातावर एक्स काढून आत घेतलं, म्हणजे याला दारू द्यायची नाही. त्यांनी परत येऊन वॉशिंग्टनच्या क्लबला सांगितलं, आम्हालाही असंच आत घ्या. दारू नको, गाणं पाहिजे. पुढे तो एक्स जगभर गेला.

मॅकायचा नंतरचा बँड फुगाझी. तिकीट शक्यतो ५ डॉलर, कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, आणि पिटमध्ये (स्टेजसमोर उड्या मारत नाचणाऱ्या गर्दीत) कोणी दुसऱ्याला मुद्दाम मारत असेल तर गाणं थांबवून त्याला पाकिटात घालून ५ डॉलर परत द्यायचे आणि बाहेर काढायचे. मी त्यांना फोर्ट रेनो पार्कात पाहिलं, उन्हाळ्यात तिथं फुकट गिग असतात. ऑफिसमधून थेट गेलो, फॉर्मल शर्ट, गळ्यात आयडी कार्ड तसंच. गवतावर चादरी टाकून लोक बसलेले, कोणाचं तान्हं बाळ, कोणाचा कुत्रा, आणि समोर ही चार माणसं जीव तोडून वाजवतायत. घरापासून आठ हजार मैलांवर त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हे गाव माझंही आहे. मला काय सापडलं विचारशील तर हे. स्थानिक बँड म्हणजे तुझ्या गावचा माणूस तुझ्यासमोर उभा राहून खरं बोलतोय.

ताशावाला_कसबा:
पोटोमॅक दादा, वाचून अंगावर काटा आला. मी ड्रमर, त्याआधी सात वर्षं पथकात ताशा, तर मी वाजवण्याच्या बाजूने सांगतो. आईंना सांग की आरडाओरडा नाहीये, त्याला फार शिस्त लागते. इंग्लंडच्या डिस्चार्ज बँडमुळे रूढ झालेली एक चाल आहे, तिला त्यांच्याच नावावरून डी-बीट म्हणतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) एकमेकांना ढकलत पळतात. मी दोन महिने रोज तासभर तेच घोटलं तेव्हा कुठे दोन मिनिटं न ढेपाळता वाजवायला लागलो. गाणी छोटी का, तर त्या वेगाला चार मिनिटं दम पुरत नाही, आणि जे म्हणायचंय ते झालं की संपवायचं, कडवं भरायचं म्हणून भरायचं नाही. आणि ब्रेकडाउन! सगळं सुसाट चाललेलं असताना लय एकदम निम्मी होते. ताशाने तर्री घेऊन ताणलेलं असतं आणि मग पंचवीस ढोल एका दमात पडतात तेव्हा छातीत जे होतं ना, अगदी तेच. बॅड ब्रेन्स ऐकलेस का? ऐकच. वॉशिंग्टनचेच, चौघंही कृष्णवर्णीय, आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे म्हणून हात तयार, मग पंककडे वळले. १९८२ ची त्यांची पहिली कॅसेट, पिवळं कव्हर, कॅपिटॉलच्या (अमेरिकी संसदेच्या) घुमटावर वीज पडतेय. मध्येच रेगे (जमैकाचं संथ लयीचं संगीत) येतं आणि श्वास घ्यायला मिळतो. माझ्या मते अख्ख्या हार्डकोरमध्ये त्यांच्याइतकं घट्ट कोणी वाजवलेलं नाही, वाद घालायचा असेल तर मी तयार आहे.

शेवटचीविरार:
आता मुंबईचं मी सांगतो. स्क्राइब पासून सुरू कर. 'कन्फेक्ट' २००८, 'मार्क ऑफ तेजा' २०१०, 'हेल मोगॅम्बो' २०१४. नावांवरून कळतंच कुठल्या गावचे आहेत ते, पंक आणि मेटल दोन्ही आहे त्यात आणि हिंदी सिनेमा पण, हे दुसऱ्या कुठल्या शहरातून येऊच शकलं नसतं. मग डेथ बाय फंगाय, हे अस्सल हार्डकोर, त्यांचं 'डाय इन बॉम्बे' हेडफोन लावून दादरच्या पुलावर सकाळी नऊला ऐक, तो वेग काय आहे ते तिथं समजतं. पॅसिफिस्ट पण, जरा पोस्ट-हार्डकोरच्या अंगाने जाणारे. आणि सरळ पंक पाहिजे तर द रायट पेडलर्स.

मी स्क्राइबला पहिल्यांदा बघितलं तेव्हा अकरावीत होतो, छोटा हॉल, एसी असून नसल्यासारखा, भिंतींना घाम. दुसऱ्याच गाण्याला पिटमध्ये पडलो. खाली पडल्या पडल्या तीन हात आले, एक दंडाला, एक कॉलरला, एक बॅगेच्या पट्ट्याला, आणि मी उभा. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. माझा चष्मा उडाला होता, गाणं संपलं तेव्हा एक पोरगा तो दोन बोटांत उंच धरून उभा होता, ज्याचा असेल त्याने घ्यावा म्हणून, काच फुटलेली नव्हती. पुढच्या गाण्याला मी दुसऱ्या कोणाला तरी उचललं. तो नियमच आहे, कोणी पडला की आधी उचलायचं, हा नियम मला कोणी सांगितला नाही, तसाच कळला.

लोकांना वाटतं हे पोरांचे चोचले. अहो इथं सराव करायला जागा नाही, घरी ड्रम लावला तर सोसायटीची नोटीस, म्हणून जॅमरूम तासाच्या भाड्याने, चौघांनी पैसे काढायचे, गिटार लगेज डब्यात सांभाळत न्यायची, वाजवून झालं की शेवटची लोकल पकडायला पळायचं, आणि गिगचे पैसे चार जणांच्या रिक्षात संपतात. तरी वाजवतात. त्या माणसांबद्दल मला जो आदर आहे तो स्टेडियम भरवणाऱ्यांबद्दल नाही वाटत. म्हणून एक विनंती, टी-शर्ट विकत घे, फुकटच्या लिंका मागू नकोस, आणि पहिल्या बँडच्या वेळेला पोच, त्यांच्यासमोर हॉल रिकामा असतो.

फ्रीमॉंटची_मावशी:
उशिरा आले, पण माझे दोन पैसे. इकडे कॅलिफोर्नियात बर्कलीला ९२४ गिल्मन स्ट्रीट म्हणून पंक गिगची जागा आहे, १९८६ च्या ३१ डिसेंबरला उघडली, अजून आहे. स्वयंसेवक चालवतात. दारू नाही, ड्रग्ज नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांना कमी लेखणं नाही, नियम सगळ्यांना दिसतील असे लिहिलेत. मुलगा चौदाचा असताना त्याला एकटं सोडायची भीती वाटली म्हणून मी बरोबर गेले आणि मग दर महिन्याला दाराशी हातावर शिक्के मारायला उभी राहायला लागले, पंजाबी ड्रेसवर. एकदाही कोणी मला तू इथं काय करतेस असं विचारलं नाही. गोदाकाठ, आईला गिगला घेऊन जा गं, स्पीकरवर ऐकून नाही कळत. कानात घालायचे बोळे दोघींसाठी घे.

गोदाकाठ:
किती लिहिलंत सगळ्यांनी! बॅड ब्रेन्स काल रात्री ऐकलं, रेगे सुरू झालं तेव्हा आई दारात येऊन थांबली होती, म्हणाली हे बरं आहे. पुढच्या महिन्यात मामाकडे ठाण्याला जातोय, ती पण येतेय. शेवटचीविरार, तेव्हा कुठे गिग असेल तर इथंच टाकशील का? पहिल्या बँडच्या आधी पोचतो आम्ही दोघी.