रगूसा इब्ला की नोतो: सिसिलीत दोनच दिवस असतील तर मुक्काम कुठे करावा?

पायवाट (धागाकर्ता)

११ जानेवारी १६९३ रोजी सिसिली बेटाच्या आग्नेय भागात झालेल्या भूकंपात सुमारे ६०,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतर बरोक, म्हणजे वळणदार आणि सजावटीने भरलेल्या शैलीत पुन्हा उभी राहिलेली आठ गावे २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्याकडचे बरेच प्रवासी सकाळी कातानिया शहरातून निघून त्यांपैकी नोतो, मोदिका आणि रगूसा ही तीन गावे एका दिवसात उरकतात. माझे मत असे की, ज्यांच्या हाती दोनच दिवस आहेत त्यांनी बाकीच्या गावांचा मोह सोडून दोन्ही रात्री रगूसा इब्लात काढाव्यात.

भूकंपानंतर रगूसात दोन तट पडले. सान जॉर्जो चर्चला मानणारी जुनी सरदार घराणी ढिगाऱ्याच्याच जागी, म्हणजे आजच्या इब्लात, पुन्हा घरे बांधून राहिली. सान जोव्हान्नी चर्चच्या बाजूचे लोक वरच्या पठारावर गेले आणि तिथे त्यांनी सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे नवे गाव वसवले. दोन्ही गावांचा कारभार १९२६ साली एक झाला खरा, परंतु सांता मारिया देल्ले स्काले चर्चपासून पायऱ्यांनी खाली उतरताना त्यांच्यातला फरक आजही पायांना कळतो. वरचे सरळ रस्ते संपतात, पायऱ्या घरांच्या मधून वळणे घेत उतरू लागतात आणि समोरच्या टेकडीवर इब्लाची छपरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात.

वास्तुविशारद रोझारियो गाल्यार्दीच्या आराखड्यानुसार बांधलेले सान जॉर्जो चर्च चढत्या चौकाच्या टोकाला किंचित तिरके उभे आहे, त्यामुळे चौकातून चालत जाताना त्याचा दर्शनी भाग पावलागणिक बदलत जातो. सहलीच्या बसगाड्या परतल्यानंतर, दिवेलागणीच्या सुमारास तो चौक पाहावा. नोतो देखणे आहे, पण आखून वसवलेले ते गाव मला मांडून ठेवलेल्या देखाव्यासारखे वाटते. दोन तासांत ते पाहून होते.

माळवद

आपल्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी पूर्णपणे असहमत आहे. मी लातूर जिल्ह्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमची माळवदाची घरे पडली आणि पुढे आमच्यासह अनेक गावे नव्या जागी, सरळ रेषेत आखलेल्या वसाहतींत हलवण्यात आली. नव्या घरात राहायला गेल्यावरही माझी आजी दर शनिवारी जुन्या गावठाणातल्या मारुतीला जात असे. त्यामुळे जे गाव मुळापासून उचलून सुमारे आठ किलोमीटरांवर नेले गेले, त्याला देखावा म्हणणे मला पटत नाही. जुने गाव सोडण्यास नोतोतल्या लोकांचा विरोध होता आणि तो वाद कित्येक वर्षे चालला होता. आल्वेरिया डोंगरावर त्या जुन्या नोतोचे अवशेष आजही आहेत. वाड्याचा दरवाजा आणि तटाच्या भिंती पाहून मग नव्या नोतोत आलात, तर तिथल्या रुंद, सरळ रस्त्यांकडे आपण निराळ्या नजरेने पाहाल.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी मुद्दाम नोतोला गेलो. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट १३ मार्च १९९६ रोजी कोसळला. खांब बाहेरून घडीव दगडांचे होते, परंतु आत नुसत्या दगडगोट्यांची भर होती, आणि १९९० च्या भूकंपाने ते आणखी कमकुवत झाले होते. आमच्या भिंतीही अशाच होत्या: दोन बाजूंना दगड, मध्ये सैल भर आणि दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवणारे लांब दगड जवळजवळ नाहीत. ते कॅथेड्रल २००७ साली पुन्हा उघडले. मी त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभा होतो. दोन तास मला पुरले नसते.

दुपारची_गाडी

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांचा विचार या चर्चेत झालेला नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि इब्लाच्या पायऱ्यांचे वर्णन वाचूनच तिने नकार दिला. नोतोचा मुख्य रस्ता बराचसा सपाट आहे, कॅथेड्रल, नगरपालिकेचा राजवाडा आणि इतर चर्चे त्याच रस्त्याला लागून आहेत, आणि थकल्यावर बसायला जागा मिळते. निकोलाची नावाच्या राजवाड्याच्या सज्जांखालचे दगडी सिंह, घोडे आणि जलपऱ्या तिने कितीतरी वेळ मान वर करून पाहिल्या. वयस्कर माणसांसाठी माझे मत नोतोलाच आहे.

पायवाट (धागाकर्ता)

माळवद, ‘देखावा’ हा शब्द मी मागे घेतो. खांबांच्या आतल्या भरीबद्दल मला ठाऊक नव्हते आणि जुन्या नोतोला मी गेलेलो नाही. तरीही मुक्कामाबाबत माझे मत कायम आहे, आणि आता त्याला आपल्याच मुद्द्याचा आधार मिळतो: हलायचे की राहायचे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे रगूसात एकाच उतारावर पाहायला मिळतात. इब्लातल्या बागेजवळ जुन्या सान जॉर्जो चर्चचे भूकंपातून वाचलेले प्रवेशद्वार एकटे उभे आहे. त्याच्या कमानीत घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला मारताना कोरलेला आहे, दगड झिजून आकृत्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत. त्यामागे आता चर्च नाही. जे तिथेच राहिले त्यांनीही काय गमावले, हे त्या दरवाजापाशी कळते.

दुपारची_गाडी, रेल्वे स्थानक वरच्या गावात असले तरी तिथून इब्लाला शहर बस जाते. आईंना पायऱ्या उतरायला लावू नका. चौकाजवळची खोली घ्या, म्हणजे संध्याकाळचा चौक त्यांनाही पाहता येईल.