मदत हवी आहे: 'अजून'साठी 'यट' की 'स्टिल'? आणि 'काल' असताना 'हॅव' का चालत नाही?

नमस्कार मंडळी. निफाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. द्राक्षांचा हंगाम लागला की दिवसाला पंधरा-वीस मेल जातात, बहुतेक नेदरलँड्सच्या खरेदीदारांना. शिक्षण मराठी माध्यमात झालं. बारा टेन्सचा तक्ता आजही न अडखळता म्हणेन. गाडी अडते ती ऑलरेडी, यट, स्टिल, जस्ट, सिन्स या शब्दांपाशी.

मागच्या आठवड्यात खरेदीदाराने फायटोची स्कॅन कॉपी मागितली (फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालावर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला; त्याला आमच्याकडे फायटोच म्हणतात). मी लिहिलं, 'वी हॅव सेंट इट यस्टरडे.' साहेबांनी 'हॅव' खोडला आणि म्हणाले, "यस्टरडे आला की हॅव जातो, एवढं लक्षात ठेव." ठेवलं. पण 'आम्ही ती काल पाठवली आहे' हे मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. मग तिथे काय बिघडतं?

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागली. 'पैसे अजून आले नाहीत' एवढंच कळवायचं होतं. मी लिहिलं, 'वी स्टिल हॅव नॉट रिसीव्ड द पेमेंट.' उलट उत्तर आलं, 'वी हॅव ऑलरेडी पेड. प्लीज चेक विथ युवर बँक.' साहेब म्हणाले की माझा मेल तक्रारीसारखा वाचला जातोय. माझ्या मनात तक्रार नव्हती हो! इतकी वर्षं ज्यांच्याशी नीट बोलणं आहे, त्यांना दुखावलं असेल तर वाईट वाटतं. 'यट' लिहायला हवं होतं का? ते कुठे बसतं? आणि त्यांच्या 'ऑलरेडी'त राग होता का? नियम पुस्तकात आहेत, ते वाचलेत. वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. ही चूक मी हजारो वह्यांत पाहिली आणि तिचं मूळ मराठीतच आहे. आपलं 'पाठवलं आहे' हे कालच्या, परवाच्या, गेल्या वर्षीच्या कामालाही चालतं. इंग्रजीचं 'हॅव सेंट' मात्र आत्ताच्या क्षणाला बांधलेलं असतं. काम झालं आणि त्याचा परिणाम आज समोर आहे, एवढंच ते सांगतं. कधी झालं याचं ठिकाण दिलंत, म्हणजे यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, की वाक्य त्या दिवसात जाऊन बसतं आणि तिथे साधा भूतकाळ लागतो. 'टुडे', 'धिस वीक' अजून संपलेले नसतात, म्हणून त्यांच्याशी 'हॅव' छान जमतो.

याचंच भावंड म्हणजे 'होतो'. 'मी काल नाशिकला गेले होते' याचं आपण 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे' करतो. तिथे 'आय वेंट' पुरतं. 'हॅड' लागतो तो दोन घटनांतली आधीची कोणती ते दाखवायला: 'व्हेन वी रीच्ड द पोर्ट, द शिप हॅड ऑलरेडी लेफ्ट.' आपण पोचायच्या आधीच बोट गेली.

आता तुमचं 'अजून'. मराठीत हा एकच शब्द दोन्ही कामं करतो, फरक आपण आवाजात करतो. 'अजून आले नाहीत' शांतपणे म्हटलं तर ती नुसती माहिती. 'अजूनही आले नाहीत!' म्हटलं की त्यात 'एव्हाना यायला हवे होते' हे आलंच. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. पहिल्याला 'वी हॅव नॉट रिसीव्ड द पेमेंट यट', 'यट' बहुधा शेवटी. दुसऱ्याला 'वी स्टिल हॅव नॉट रिसीव्ड', 'स्टिल' हॅवच्या आधी. तुम्ही पहिलं मनात धरलंत आणि दुसरं लिहिलंत.

'ऑलरेडी' हॅव आणि क्रियापदाच्या मध्ये बसतो. त्यात राग असतोच असं नाही, पण 'तुम्हाला वाटतंय त्याच्या आधीच हे झालंय' एवढा अर्थ असतो. विचारताना तर जपूनच. 'हॅव यू पेड यट?' ही साधी विचारणा. 'हॅव यू ऑलरेडी पेड?' म्हणजे 'इतक्यात दिलेतसुद्धा?', त्यात आश्चर्य आलं.

प्रतिसाद २

सरांनी छान उलगडलं. मी न्यू जर्सीत आहे. इथे लोक सर्रास 'आय ऑलरेडी सेंट इट', 'डिड यू ईट यट?' म्हणतात, हॅवशिवाय. अमेरिकी बोलण्यात ते चुकीचं मानत नाहीत. ब्रिटिश वळणात तिथे 'हॅव' हवाच. युरोपला लिहिताना हॅव ठेवलात तर कुठेच खटकणार नाही.

माझा गोंधळ व्हायचा तो 'बीन' आणि 'गॉन'मध्ये. तो मराठीनेच सोडवला. 'तो मुंबईला गेलाय', म्हणजे तिकडेच आहे: 'ही हॅज गॉन टु मुंबई.' 'तो मुंबईला जाऊन आलाय': 'ही हॅज बीन टु मुंबई.' एकदा मॅनेजरबद्दल 'शी हॅज गॉन टु द बँक' असं मी फोनवर सांगितलं. ती शेजारीच बसली होती आणि पलीकडचा माणूस तिची वाट बघत राहिला.

मूळ प्रश्नकर्ती

सर, 'अजून' आणि 'अजूनही' वाचलं आणि एकदम उजेड पडला. दादा, 'जाऊन आलाय' तर कायमचं लक्षात राहील. काल खरेदीदाराला लिहिलं की माझे शब्द चुकले, रोख तसा नव्हता. त्यांचं लगेच साधं, प्रेमळ उत्तर आलं. पैसेही वाटेत होते. आज हा मेल जायचाय, जरा नजर टाकाल का?

'द कंटेनर हॅज लेफ्ट न्हावाशेवा ऑन मंडे. वी हॅव जस्ट सेंट द ओरिजिनल्स बाय कुरिअर. वी आर वेटिंग फॉर युवर कन्फर्मेशन सिन्स थ्री डेज.'

प्रतिसाद १

मधलं वाक्य सुरेख. 'जस्ट' अगदी जागेवर आहे. पहिल्यात वार दिलात, म्हणून 'द कंटेनर लेफ्ट न्हावाशेवा ऑन मंडे.' वार नको असेल तर 'हॅज लेफ्ट' राहू द्या.

तिसऱ्यात पुन्हा मराठी डोकावली. 'आम्ही वाट बघतोय' हा आपला वर्तमानकाळ, पण तीन दिवसांपूर्वी सुरू होऊन आजही चालू आहे म्हटलं की इंग्रजीला 'हॅव बीन वेटिंग' लागतं. आणि आपल्या 'पासून'चे तिकडे दोन तुकडे होतात: सुरुवात सांगायची तर 'सिन्स फ्रायडे', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर थ्री डेज'. पण ताई, हे वाक्य व्याकरणात बसलं तरी परवाच्या 'स्टिल'सारखंच टोचेल. मी असतो तर लिहिलं असतं, 'हॅव यू हॅड अ चान्स टु लुक अ‍ॅट इट यट?'