चीर, तडा की भेग?

बोटदुरुस्तीच्या यार्डासाठी एक टिपण मराठीत करतोय. ताणाखालच्या पोलादी प्लेटमधले बारीक क्रॅक आणि त्यांचं कॉम्प्युटरवरचं गणित. पहिल्याच शब्दावर अडलोय. मी ‘भेग’ लिहिलं, तर वेल्डर म्हणाला, “भेग टाचेला पडते ना, साहेब?” तो स्वतः म्हणतो ‘क्रॅक गेलाय’.

– बघा, शब्द इंग्रजीतून घेतला, पण क्रियापद तड्याचं लावलं. तडा जातो, भेग पडते, फट राहते. फट दोन फळ्यांमध्ये मुळातच असते. भेग सुकून पडते, तोंड उघडं. तडा कपाला एकदम जातो, ‘तडा गेला’ म्हटलं की विषय मिटला. तुमचं प्रकरण लाटांच्या हेलकाव्यांनी थोडं थोडं वाढणारं. मी ‘चीर’ म्हणेन: बारीक, लांब आणि टोकदार.

– टोकदार हे पटलं, कारण गणितात सगळं टोकाशीच आहे. ताणलेल्या रुंद प्लेटला लहान गोल भोक असेल तर काठावर ताण ३ पट होतो. तेच भोक ताणाला आडवं, रुंदीच्या १० पट लांब असं लंबवर्तुळ असेल तर टोकाला २१ पट (इंग्लिस या अभियंत्याचं सूत्र, १९१३). चीर त्याहून अणकुचीदार. म्हणून कॉम्प्युटरवर प्लेटचे लहान लहान तुकडे पाडून जी जाळी करतात, ती तिच्या टोकापाशी बारीक करत जावं तसा ताणाचा आकडा चढतच राहतो, कुठे ठरत नाही. मग त्या आकड्याचा नाद सोडून आयर्विन या संशोधकाचा ताणतीव्रता गुणांक काढतात, म्हणजे टोकाभोवतीचा ताण किती तीव्र आहे ते सांगणारा एकच आकडा. मोठ्या प्लेटमधली चीर चौपट लांब झाली की तो दुप्पट होतो. आमचा वेल्डर चिरेच्या टोकाला आधी ड्रिल मारतो नि मगच वेल्डिंगला बसतो. टोक बोथट करायचं, एवढंच त्याला ठाऊक, आणि तेवढं पुरतं.

– अनेकवचनाचं काय? ‘प्लेटला चिरा पडल्या’ वाचून आमच्या राजापुरात लोक जांभ्याचा चिराच समजतील!

– ‘चिरांची लांबी’ लिहा. दगडाची असती तर ‘चिऱ्यांची’ झाली असती.

– आणि ‘जाळी बारीक’ काय? बंदरावर मासेमारीच्या जाळ्यातल्या एकेका भोकाला आस म्हणतात. ‘टोकापाशी आस लहान ठेवा’ लिहा, खलाशालाही कळेल.