बेंगळुरूत दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत: कोणते बार पाहावेत?

टिळकवाडीकर

पुढच्या महिन्यात मित्राच्या मुलाच्या लग्नासाठी आम्ही चौघे बेळगावहून बेंगळुरूला जाणार आहोत आणि लग्नाआधीच्या दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत. चौघेही पन्नाशीकडे झुकलेले. दोघे घेणारे, एक बिअरपुरताच, आणि चौथा थेंबही न घेता गप्पांना शेवटपर्यंत बसणारा. आपल्याकडचे पडदा लावलेले अंधारे केबिन आणि पुढ्यात शेंगदाण्यांची बशी हे आयुष्यभर पाहून झाले आहे. खास बेंगळुरूची म्हणावीत अशी ठिकाणे पाहायची आहेत, आणि जमल्यास एखादा नाइटक्लबही. मुक्काम मॅजेस्टिकजवळ आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

खानापूरवाला

मी बेंगळुरूत अकरा वर्षे नोकरी केली, त्या अनुभवावर लिहितो. एका संध्याकाळी शहराचा एकच भाग धरावा. कोरमंगलात सुरुवात आणि इंदिरानगरात शेवट असा बेत करणाऱ्यांची निम्मी रात्र रिक्षातच जाते.

पहिल्या दिवशी मॅजेस्टिकहून जांभळ्या मार्गाची मेट्रो घेऊन एम. जी. रोडला उतरावे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, रेस्ट हाउस रोडवर, १९८९ पासूनचे पेकोस आहे. जागा अरुंद, भिंतींवर जुन्या रॉक गायकांची चित्रे, मगमधून येणारी साधी ड्राफ्ट बिअर; थाटमाट शोधणाऱ्याची निराशा होईल, पण या शहराला पबांचे शहर का म्हणू लागले ते तिथे बसल्यावर कळते. आपल्या चौथ्या मित्रासाठी सेंट मार्क्स रोडवरचे कोशीज हे जुने रेस्टॉरंट अधिक बरे, कारण तिथे एकाच टेबलावर एकाने कॉफी आणि दुसऱ्याने बिअर घेतली तरी कोणी वळून पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मेट्रोने इंदिरानगर. शंभर फुटी रस्त्यावरचे टॉइट २०१० पासून आहे आणि तिथली बिअर तिथेच बनते. गव्हाची बिअर अवश्य चाखावी: ती न गाळलेली असल्याने गढूळ दिसते, आणि तिला येणारा केळ्याचा व लवंगेचा वास बाहेरून काही घालून आणलेला नसून यीस्टमुळे येतो. आधी लहान ग्लासांत चार-पाच प्रकारांची चव घेता येते का ते विचारावे, म्हणजे न आवडलेला मोठा ग्लास संपवत बसावे लागत नाही. शनिवारी सहाच्या आत पोहोचावे. व्हाइटफील्डच्या विंडमिल्स या पबमध्ये पुस्तकांच्या भिंती आहेत आणि जॅझच्या मैफली होतात. मेट्रो आता तिथवर जात असली तरी अंतर बरेच आहे, त्यामुळे मैफल असेल तरच जावे.

निपाणीचा नातू

नाइटक्लबविषयी माझा अनुभव सांगतो, नाव मात्र लिहीत नाही. आम्ही तिघे पुरुष गेलो, तेव्हा दारावरच्या बाउन्सरने सोबत महिला नसलेल्यांना आज प्रवेश नाही असे सांगितले. थोड्या वेळाने कव्हर चार्ज (प्रवेशशुल्क) भरून सोडण्याची तयारी झाली, तर त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. अथणीहून खास करवून आणलेली करकरणारी कोल्हापुरी चप्पल होती. चामडे, वेणी, गोंडा, सगळे अस्सल. त्याने शांतपणे 'शूज' एवढेच म्हटले. तेव्हा आधी फोन करून फक्त पुरुषांना प्रवेश आहे का, कव्हर चार्जपैकी किती रक्कम खाण्यापिण्यात वळती होते, आणि पोशाखाचा नियम काय, या तीन गोष्टी विचाराव्यात. शिवाय सारे एक वाजता बंद होते आणि मेट्रो त्याच्या बरीच आधी थांबते, म्हणून परतीच्या टॅक्सीचा विचार आधीच करावा.

टिळकवाडीकर

दोघांचेही आभार. बिलात कर आणि सेवाशुल्क मिळून आकडा फुगतो असे ऐकले आहे, ते कसे? आणि आम्हाला येणारे कन्नड तिथे चालते ना?

खानापूरवाला

मद्यावर जीएसटी लागत नाही, त्यावर राज्याचे कर असतात. जीएसटी खाण्यावर लागतो. म्हणून बिलात दोन्हींचा हिशेब वेगळा दिसतो, त्यात गैर काही नाही. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच ते बिलात आपोआप लावू नये असे बजावले आहे, त्यामुळे नको असल्यास नम्रपणे काढायला सांगावे. वेटरने चांगली सेवा दिली असेल तर त्याच्या हाती रोख द्यावी, असे मला वाटते.

कन्नड उत्तम चालते. फक्त आपल्या तोंडून आपल्या उत्तरेकडच्या ढंगाचे 'हौद्री' (होय हो) निघाले की रिक्षावाला आरशात पाहून 'हुब्बळ्ळि कडेयवरा?' (हुबळीकडचे का?) असे विचारणारच. बेळगाव म्हटले की पुढची विचारणा तिथल्या कुंदा या मिठाईची असते.

टिळकवाडीकर

मग पहिल्या दिवशी पेकोस आणि कोशीज, दुसऱ्या दिवशी टॉइट, असे ठरवले आहे. नाइटक्लब रद्द. आमच्यातल्या दोघांकडे बूटच नाहीत.