कमी बजेटमध्ये बास बोट आणि इंजिन: मदत हवी आहे

मंडळी, बास मासेमारीसाठी जुनी बोट घ्यायची आहे, पण बजेट बेताचं आहे. १८ फुटी फायबरग्लासची फार आवडली, पण तिला मोठं इंजिन लागतं आणि पेट्रोलही तसंच. १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची हलकी, ४० हॉर्सपॉवरवर भागेल. वाऱ्यात ती फार हेलकावते का?

टू-स्ट्रोक इंजिन स्वस्त मिळतंय, फोर-स्ट्रोकला मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घेणारच; सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सरळ नको म्हणणार. खरी धास्ती ट्रान्समची, म्हणजे इंजिन बसवतात त्या बोटीच्या मागच्या भिंतीची आहे. आतलं लाकूड कुजलं असेल तर वरून काहीच दिसत नाही. इंजिन तिरकं करून, त्याच्या खालच्या टोकावर दाब देऊन ट्रान्सम वाकतो का ते पाहिलं, तर तेवढं पुरेसं आहे का? आणि पैसे जास्त कशात घालू, बोटीत की इंजिनात?